क्रीटचे मिनोअन : उदय आणि अस्त

भूमध्य समुद्रात, ग्रीसच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेला क्रीट हे बेट पूर्व-पश्चिम आडवे पसरले आहे. त्याची लांबी सुमारे २६० किलोमीटर. रुंदी कुठे ६० किलोमीटर, तर कुठे जेमतेम १२. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोंगरच डोंगर, आणि त्यांतले सर्वांत उंच शिखर ईडा २,४५६ मीटरचे. हिवाळ्यात शिखरांवर बर्फ साचते आणि पुढे तेच पाणी झऱ्यांवाटे खाली उतरते. सपाट, कसदार जमीन थोडी. दक्षिणेकडचे मेसाराचे मैदान त्यात सर्वांत मोठे. इजिप्त, सीरियाचा किनारा, आशिया मायनर आणि ग्रीस यांना जोडणारे सागरी मार्ग मात्र या बेटाला लागूनच जातात. अशा जागी इ.स.पू. सुमारे ३००० ते १४५० या दीड हजार वर्षांत एक नागरी संस्कृती आकाराला आली, बहरली आणि ओसरली. युरोपातली ती पहिली नागरी संस्कृती मानली जाते. ग्रीक पुराणकथांतल्या मिनॉस राजाच्या नावावरून तिला मिनोअन म्हणण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या आरंभी पडला.

इजिप्त आणि मेसोपोटेमियाचा प्राचीन इतिहास राजांच्या यादीसह, लढायांच्या वर्णनांसह आणि करारांच्या मसुद्यांसह हाती येतो. क्रीटचा तसा येत नाही. मिनोअनांच्या एकाही राजाचे खात्रीलायक नाव माहीत नाही, एकाही लढाईची नोंद नाही. भांडी, भिंती, मुद्रा, हाडे आणि राखेचे थर एवढ्यांवरूनच सारे समजून घ्यावे लागते. म्हणून या संस्कृतीविषयी सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे पाहतच पुढे जाणे भाग आहे. अस्ताच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. एका ज्वालामुखीने ही संस्कृती एका दिवसात बुडवली, ही कथा अजून सर्रास सांगितली जाते. थरांचा पुरावा तिला साथ देत नाही.

क्रीटवर शेतकरी माणूस आला तो इ.स.पू. सुमारे ७००० मध्ये. गहू, सातू, मेंढ्या, शेळ्या आणि डुकरे होड्यांतून घेऊनच तो आला असला पाहिजे, कारण यांतले काहीच बेटावर मुळात नव्हते. पुढे जिथे क्नोसॉसचा प्रासाद उभा राहिला, त्या केफाला टेकडीवर या पहिल्या वस्तीचे अवशेष मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती ढासळत आणि त्यांच्यावर नव्या भिंती उठत, असे करता करता तिथे नवाश्मयुगीन मातीचा काही मीटर जाडीचा थर साचला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले की, कांस्ययुगीन क्रीटवासीयांचा तीन चतुर्थांशाहून अधिक वंशवारसा पश्चिम आशिया मायनर आणि एजियन भागातल्या याच पहिल्या शेतकऱ्यांकडून आलेला होता. संस्कृतीचे बीज बाहेरून आलेल्या कुणा विजेत्यांनी पेरले, या जुन्या तर्काला त्यामुळे आधार उरला नाही. बेटावरचेच लोक शेजाऱ्यांकडून धातूकाम, लेखन आणि मुद्रा यांच्या कल्पना घेत गेले आणि त्यांना आपले वळण देत गेले.

या लोकांचा विसर फार खोल होता. ग्रीक परंपरेत मिनॉस, त्याच्या भूलभुलैयात कोंडलेला बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, त्याला मारणारा अथेन्सचा थीसियस आणि त्याला धागा देणारी राजकन्या अ‍ॅरियाड्नी एवढेच उरले होते. इतिहासकार थ्युसिडिडीसने मिनॉसला आरमार उभारणारा पहिला राजा म्हटले होते. पण एकोणिसाव्या शतकातले विद्वान या सगळ्याला कल्पित मानत. १८७८ साली इराक्लिऑनचा व्यापारी मिनॉस कालोकेरिनोस याने केफाला टेकडीवर खणून रांजणांनी भरलेले कोठार उघडे केले. क्रीट तेव्हा ऑटोमन सत्तेखाली होते. सापडलेल्या वस्तू इस्तंबूलला नेल्या जातील या भीतीने स्थानिक लोकांनीच ते काम थांबवले. ट्रॉय शोधणाऱ्या हाइनरिश श्लीमानलाही ही टेकडी हवी होती, पण तिचा सौदा जमला नाही.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख आर्थर एव्हान्स यांना क्रीटकडे ओढले ते छोट्या कोरीव दगडांनी. क्रीटच्या खेड्यांतल्या स्त्रिया असे दगड गळ्यात बांधत. त्यांमुळे अंगावर दूध चांगले येते अशी समजूत होती. ते दगड म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रा होत्या आणि त्यांतल्या काहींवर कुणाला ठाऊक नसलेली चिन्हे होती. एव्हान्स गावोगाव फिरून ते विकत घेऊ लागले. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झाल्यावर त्यांनी टेकडीची जमीन घेतली आणि २३ मार्च १९०० रोजी खणायला सुरुवात केली. पहिल्या काही आठवड्यांतच सिंहासनाची खोली, भित्तिचित्रांचे तुकडे आणि लिखित पाट्या हाती आल्या. त्याच वर्षी इटालियन पथकाने फैस्टॉसला आरंभ केला. अमेरिकन संशोधिका हॅरिएट बॉइड यांनी १९०१ पासून गुर्निया हे छोटे गाव पूर्ण उघडे केले. मालियाचा प्रासाद १९१५ नंतर आणि झाक्रोसचा १९६१ नंतर, निकोलाओस प्लातोन यांच्या हाती, प्रकाशात आला. जुलै २०२५ मध्ये क्नोसॉस, फैस्टॉस, मालिया, झाक्रोस, झोमिंथॉस आणि किडोनिया ही सहा केंद्रे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रित नोंदली गेली.

एव्हान्स यांच्या कामाचे ऋण मोठे आहे. मृद्भांड्यांच्या बदलत्या शैलींवरून त्यांनी आद्य, मध्य आणि उत्तर मिनोअन असे तीन कालखंड पाडले आणि इजिप्शियन वस्तूंशी ते जुळवले. ती चौकट अजून वापरात आहे. पण त्यांनी क्नोसॉसला सिमेंट-काँक्रीटने जे रूप दिले, त्यात अवशेष किती आणि कल्पना किती हे आज पाहणाऱ्याला कळत नाही. भित्तिचित्रांचेही तसेच झाले. केशर खुडणाऱ्या निळ्या मुलाचे म्हणून जुळवलेले एक चित्र मुळात माकडाचे होते. तुकड्यांत शेपटीचा भाग असूनही तो ओळखला गेला नव्हता. ‘लिलीचा राजपुत्र’ म्हणून जगभर छापले गेलेले चित्र तर वेगवेगळ्या आकृत्यांचे तुकडे जोडून तयार झाले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. क्रीटविषयीच्या अनेक लाडक्या समजुती अशा जोडकामातून आल्या आहेत, आणि ते जोडकाम बाजूला सारूनही ही संस्कृती तितकीच मोहक राहते.

इ.स.पू. सुमारे ३१०० पासून क्रीटवर कांस्ययुगाच्या खुणा दिसू लागतात. वस्त्या लहान होत्या. दक्षिण किनाऱ्यावरच्या मिर्टोसजवळच्या फुर्नू कोरिफी या टेकडीवर असे एक गाव पूर्ण उत्खनित झाले आहे. एकमेकींना लागून असलेल्या खोल्या, विणकामाची वजने, तेलाची आणि दारूची भांडी तिथे आहेत आणि एक मातीची देवीही आहे, हातातली सुरई कवटाळून उभी असलेली. मेसारात लोक गोल दगडी थडग्यांमध्ये आपल्या मृतांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवत. ईशान्येला मोक्लोसच्या थडग्यांतून पानाफुलांच्या आकाराचे सोन्याचे नाजूक दागिने निघाले. त्या डोंगराळ जमिनीत गव्हाच्या जोडीला ऑलिव्ह आणि द्राक्षे लावता येत होती. या तिन्ही पिकांचे हंगाम वेगवेगळे असल्याने एकाच कुटुंबाच्या हातून जास्त उत्पन्न निघे. तेल, दारू आणि लोकर साठवता येत, विकता येत. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस शिडाची जहाजे एजियन समुद्रात आली आणि दूरच्या बाजारांचा रस्ता खुला झाला. संपत्ती साचू लागली, ती मोजणारे आणि राखणारेही आले.

इ.स.पू. १९०० च्या सुमारास क्नोसॉस, फैस्टॉस आणि मालिया इथे पहिले प्रासाद उभे राहिले. त्या सगळ्यांचा आराखडा एकाच धर्तीचा. मधोमध उत्तर-दक्षिण लांब असा फरसबंद चौक. क्नोसॉसचा चौक सुमारे ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद आहे. चौकाभोवती सर्व बाजूंनी खोल्या, पश्चिमेकडे कोठारे आणि त्यापलीकडे आणखी एक मोकळे पटांगण, जिथे गावकरी जमत असावेत. ‘प्रासाद’ या शब्दाने राजा आणि त्याचा परिवार डोळ्यांपुढे येतो. या वास्तूंमधले प्रत्यक्ष अवशेष मात्र साठवण, कारागिरी, हिशेब आणि विधी यांविषयी जास्त बोलतात. क्नोसॉसच्या पश्चिम बाजूला अरुंद बोळांसारख्या अठरा कोठारांची रांग आहे आणि त्यांत माणसाच्या उंचीचे रांजण उभे होते. आसपासच्या शिवारांतून आलेले धान्य, तेल आणि दारू इथे जमा व्हायची आणि कामकऱ्यांना, देवकार्यांना, जहाजांना इथूनच दिली जायची. दुष्काळाच्या वर्षी हेच साठे लोकांना तारत असणार. प्रासादांच्या सत्तेचे मूळ या भरलेल्या रांजणांत शोधायला हवे.

सुमारे १७०० मध्ये हे पहिले प्रासाद कोसळले. आफ्रिकेचा भूपट्ट एजियनखाली सरकतो, त्या सीमेजवळ क्रीट आहे आणि भूकंप तिथे नेहमीचेच. त्यानंतर जे घडले त्यात या समाजाचे बळ दिसते: त्याच जागी, त्याच चौकाभोवती अधिक मोठे आणि अधिक देखणे प्रासाद बांधले गेले. पुढली अडीचशे वर्षे मिनोअन वैभवाची.

नव्या क्नोसॉसने दोन हेक्टरच्या आसपास जागा व्यापली होती. पूर्वेच्या उतारावर इमारतीचे अनेक मजले एकावर एक चढत गेले होते आणि त्यांना जोडणारा भव्य जिना आजही पायऱ्यांसह टिकून आहे. आतल्या खोल्यांत उजेड आणि हवा यावी म्हणून मध्येच वरून उघडे असे छोटे चौक सोडले होते. सायप्रस वृक्षाच्या लाकडाचे खांब वर रुंद आणि खाली निमुळते, बहुधा लाल रंगवलेले. भिंतींत दगडांच्या जोडीला लाकडी तुळया घातल्या होत्या, त्यामुळे धरणीकंपाचा धक्का काहीसा सोसला जाई; आग लागली की मात्र तेच लाकूड घात करी. पावसाचे पाणी वाहून नेणारे दगडी नाले होते. एकात एक बसणाऱ्या निमुळत्या मातीच्या नळांतून वेगळे पाणी खेळवलेले होते. गुर्नियासारख्या गावांतही दगडी फरसबंदीच्या गल्ल्या होत्या, सुतार, कुंभार आणि कांस्यकाम करणाऱ्यांची घरे होती आणि सगळ्यांच्या वर छोट्या प्रमाणावर प्रासादाचीच नक्कल असलेली इमारत होती.

हिशेबासाठी लेखन आले. आधी चित्रांसारख्या चिन्हांची एक लिपी होती. तिच्या सोबतीने आणि पुढे तिच्या जागी रेषांची एक लिपी वापरली जाऊ लागली, जिला रेखालिपी ‘अ’ म्हणतात. तिचे सुमारे १,४०० लेख मिळाले आहेत, बहुतेक अगदी त्रोटक. सर्वांत मोठा संच फैस्टॉसजवळच्या हागिया त्रियादा इथला. ओल्या मातीच्या पाट्यांवर कोरलेले हे हिशेब कायम ठेवण्यासाठी नव्हते. इमारती जळाल्या तेव्हा पाट्या भाजल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. वस्तूंची चिन्हे आणि आकडे वाचता येतात, बेरजेसाठी ‘कुरो’ हा शब्द येतो हेही कळले आहे, पण भाषा उलगडलेली नाही. फैस्टॉसला १९०८ मध्ये सापडलेली, दोन्ही बाजूंना चक्राकार ठसे उमटवलेली मातीची तबकडी हे तर स्वतंत्रच कोडे आहे. तिच्यावर ४५ वेगवेगळी चिन्हे आहेत आणि एवढ्या थोड्या मजकुरावरून कुठलाही उलगडा पडताळून पाहता येत नाही.

परदेशांच्या दप्तरांत मात्र क्रीटची नोंद आहे. युफ्रेटिसच्या काठच्या मारी या नगरात, इ.स.पू. अठराव्या शतकातल्या पाट्यांमध्ये, सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित इथे क्रीटच्या माणसाला आणि तिथल्या दुभाष्याला कथील दिल्याचे लिहिले आहे. तांब्यात मिसळून कांसे करायला लागणारे कथील क्रीटमध्ये नव्हते, ते पूर्वेकडून यायचे. त्याच मारीच्या दप्तरात क्रीट पद्धतीच्या कातडी जोड्यांचीही नोंद आहे. ते बाबिलोनच्या हम्मुराबीकडे पाठवले होते आणि तिथून परत आले. इजिप्तमध्ये थिब्सला, तिसऱ्या थटमोसचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यात, ‘केफ्टिऊ’ लोक भेटी घेऊन येताना रंगवले आहेत. त्यांच्या कमरेची रंगीत वस्त्रे, लांब केस आणि हातांतली पात्रे क्रीटमधल्या चित्रांशी जुळतात. नाइलच्या मुखाजवळ अवारिस इथे तर बैलावरून झेपावणाऱ्यांची भित्तिचित्रे मिनोअन धाटणीत रंगवलेली निघाली. अंड्याच्या कवचाइतक्या पातळ, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या-तांबड्या नक्षीच्या कामारेस भांड्यांना इजिप्तपासून सीरियापर्यंत मागणी होती. या जाळ्याचे एक टोक भारतीय उपखंडापर्यंत पोहोचले असावे. क्रीटच्या प्रभावाखालच्या थेरा बेटावर, अक्रोतिरी इथल्या एका खोलीत खडकांवर चढणारी निळी-करडी माकडे रंगवली आहेत. शेपटी धरण्याची ढब आणि अंगकाठी पाहून काही वानरतज्ज्ञांनी ती भारतीय उपखंडातली, आपल्याकडच्या हनुमान लंगुरांसारखी वानरे असल्याचे मत मांडले आहे. ते सर्वमान्य नाही, पण अफगाणिस्तानातला निळा लाजवर्द क्रीटपर्यंत जात होता हे लक्षात घेता ते अशक्यही वाटत नाही.

या लोकांचे मन कळते ते त्यांच्या कलेतून, आणि सर्वांत जवळून कळते हागिया त्रियादाच्या एका लहानशा काळ्या दगडी पात्रात. त्याचा वरचा भागच टिकला आहे. त्यावर शेतावरून परतणाऱ्या, किंवा शेताकडे निघालेल्या, माणसांची मिरवणूक कोरली आहे. खांद्यांवर लांब दांड्यांची अवजारे, पावले एका ठेक्यात. मध्ये एक जण हातात खुळखुळ्यासारखे वाद्य धरून गातो आहे; त्याने छाती इतकी फुगवली आहे की बरगड्या मोजाव्यात. त्याच्यामागे तिघे तोंड उघडून सूर धरतात. रांगेत एक जण खाली वाकला किंवा अडखळला आहे आणि पुढचा मागे वळून त्याच्यावर ओरडतो आहे. याच काळातल्या इजिप्शियन शिल्पांत राजा प्रचंड असतो आणि कामकरी ठेंगणे. इथे सगळे एकाच मापाचे आहेत, राजा नाहीच. दगड कोरणाऱ्याने ही माणसे रोज पाहिली होती, त्याला ती आवडत होती.

भित्तिचित्रांत पुरुषांचे अंग तांबूस आणि स्त्रियांचे पांढरे रंगवण्याची रीत होती. क्नोसॉसच्या प्रसिद्ध चित्रात धावत्या बैलाच्या पाठीवरून एक तांबूस आकृती कोलांटी घेते आहे, पुढे एकीने शिंगे धरली आहेत आणि मागे एक हात पसरून उभी आहे. दोघी पांढऱ्या आहेत. बैलाचे हे धोक्याचे खेळ प्रासादांच्या चौकात होत की बाहेर, यावर एकमत नाही. बैल मात्र सर्वत्र आहे: मुद्रांवर, पात्रांवर, छपरांवरच्या दगडी शिंगांत. मिनोटॉरच्या कथेची मुळे इथे असणार. १९०३ मध्ये क्नोसॉसच्या जमिनीखालच्या दोन पेट्यांत, दोन्ही हातांत साप धरलेल्या, उघड्या वक्षस्थळांच्या स्त्रीमूर्ती सापडल्या. डोंगरमाथ्यांवरच्या देवस्थानांत लोक मातीचे हात, पाय, गुरे अशा नवसाच्या प्रतिमा वाहत. चित्रांतल्या मोठ्या समारंभांत स्त्रिया पुढल्या जागी बसलेल्या दिसतात. स्त्रियांना मान होता हे यावरून निश्चित म्हणता येते. सत्ताही त्यांचीच होती असे ठरवायला एवढा पुरावा पुरत नाही.

एव्हान्स यांनी रंगवलेले शांतताप्रिय क्रीटचे चित्रही तपासून घ्यावे लागते. मोठ्या तटबंदीचा अभाव खरा आहे, युद्धाची चित्रेही कमी आहेत. पण मालियात लांब तलवारी निघाल्या, आणि १९७९ मध्ये क्नोसॉसजवळच्या आनेमोस्पिलिया इथे भूकंपात कोसळलेल्या देवालयात एका कट्ट्यावर तरुणाचा सांगाडा आणि त्याच्यावर कांस्याचे लांब पाते सापडले. उत्खनन करणाऱ्या साकेलाराकिस दांपत्याने हा भूकंप शमवण्यासाठी दिलेला नरबळी मानला. त्यावर वाद आहे. क्नोसॉसच्या एका घरात, शेवटच्या काळातल्या थरात, सुरीच्या खुणा असलेली लहान मुलांची हाडे मिळाली, त्यांचा अर्थही वादग्रस्तच आहे. हे पुरावे अस्वस्थ करणारे आहेत आणि ते बाजूला ठेवून मिनोअनांचे गोड चित्र काढणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

क्रीटच्या उत्तरेला सुमारे ११० किलोमीटरवर थेरा, म्हणजे आजचे सँटोरिनी. तिथल्या ज्वालामुखीचा उद्रेक हा मानवी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याच्या राखेखाली गाडले गेलेले अक्रोतिरी हे नगर स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ पासून उघडे केले. दोन-तीन मजली घरे, भिंतींवर निळी माकडे, केशर वेचणाऱ्या मुली, जहाजांचा ताफा. घरांत माणसांचे सांगाडे नाहीत. आधी भूकंपाने इशारा दिला, लोक परत येऊन डागडुजी करू लागले आणि मग बेट सोडून गेले. मारिनातोस यांनीच १९३९ साली असे मांडले होते की, क्रीटचा नाश याच उद्रेकाने झाला. या कल्पनेत विलक्षण ओढ होती आणि अटलांटिसच्या दंतकथेशी ती जोडली गेल्यावर ती जगभर पसरली.

अडचण कालगणनेची आहे. राखेत गाडल्या गेलेल्या एका ऑलिव्हच्या फांदीच्या किरणोत्सर्गी कार्बनवरून २००६ मध्ये इ.स.पू. १६२७ ते १६०० हा काळ निघाला. इजिप्तशी सांगड घालणारे पुरातत्त्वज्ञ उद्रेक सुमारे १५०० पर्यंत अलीकडे आणत आले. मापनपद्धतीत पुढे झालेल्या सुधारणांनी मधल्या सोळाव्या शतकाचीही शक्यता उघडी ठेवली. कोणतीही तारीख धरली तरी क्रीटचे प्रासाद जळाले ते त्यानंतर, निदान दोन पिढ्यांनी. मातीच्या थरांत हे स्वच्छ दिसते. मोक्लोसला थेराच्या राखेवर नवी घरे बांधली गेली. अष्टपाद, शंख आणि समुद्री वनस्पती यांनी भांड्याचे सारे अंग भरून टाकणारी ती प्रसिद्ध सागरी शैली उद्रेकानंतरची आहे. ज्यांनी ती भांडी घडवली त्यांचा हात थरथरत नव्हता.

तरीही उद्रेकाने काहीच झाले नाही असे नव्हे. पूर्व क्रीटमधल्या पालेकास्त्रो इथे त्सुनामीने वाहून आणलेल्या गाळाचे थर मिळाले आहेत. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मे इथे त्याच लाटेच्या ढिगाऱ्यात एका तरुणाचा आणि कुत्र्याचा सांगाडा सापडला. उत्तर किनाऱ्यावरची जहाजे आणि बंदरे यांचे नुकसान झाले असणार. एजियन व्यापारातला थेरा हा मधला टप्पा कायमचा गेला. देवस्थानांना वाहायच्या वस्तू कमी झाल्या, काही ठिकाणी डोंगरमाथ्यांवरची पूजा थांबली. ज्यांच्या कोठारांवर आणि कर्मकांडांवर लोकांचा भरवसा होता, त्यांच्यावरचा तो भरवसा अशा संकटांत ढळू शकतो. हा तर्क आहे, पण पुढच्या घटनांशी जुळणारा.

इ.स.पू. १४५० च्या सुमारास फैस्टॉस, हागिया त्रियादा, मालिया, गुर्निया आणि झाक्रोस ही केंद्रे जळाली. सगळी एकाच वेळी नव्हे, काही दशकांच्या अंतराने. झाक्रोस इतक्या अचानक सोडले गेले की हस्तिदंत, तांब्याच्या मोठ्या लाद्या आणि दगडी पात्रे जागच्या जागी राहिली. तिथल्या विहिरीतल्या पाण्यात प्लातोन यांना ऑलिव्हने भरलेला एक पेला मिळाला. फळे ताजी असावीत तशी टपोरी होती; बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच हवेने ती सुरकुतली. नासधूस प्रामुख्याने सत्तेच्या इमारतींची झाली आणि क्नोसॉसचा प्रासाद त्यातून वाचला. भूकंप असा निवड करून पाडत नाही. अंतर्गत उठाव, क्नोसॉसची इतरांवर चढाई, किंवा ग्रीसच्या मुख्य भूमीवरून आलेल्या मायसीनियन लोकांचा हल्ला, हे तिन्ही तर्क मांडले जातात. लाभ कुणाचा झाला हे मात्र स्पष्ट आहे.

त्यानंतरच्या क्नोसॉसमध्ये शस्त्रांसह पुरलेल्या योद्ध्यांची थडगी दिसू लागतात आणि हिशेबाची लिपी बदलते. ही रेखालिपी ‘ब’ १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने उलगडली. १९३६ साली, शाळकरी वयात, लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने वृद्ध एव्हान्स यांच्याकडून या न वाचलेल्या लिप्यांविषयी ऐकले होते. अमेरिकेच्या अ‍ॅलिस कोबर यांनी चिन्हांचे वर्षानुवर्षे काढलेले तक्ते त्याला उपयोगी पडले. निघालेली भाषा ग्रीक होती, म्हणजे क्नोसॉसचे दप्तर आता ग्रीक बोलणाऱ्यांच्या हाती होते. तिथे ८० हजार ते १ लाख मेंढ्यांच्या नोंदी, लोकरीचे हिशेब आणि विणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या याद्या आहेत. एका पाटीवर सर्व देवांसाठी मधाचे एक भांडे आणि ‘भूलभुलैयाच्या स्वामिनी’साठीही एक भांडे नोंदले आहे. स्थानिक देवी नव्या धन्यांच्या हिशेबातही मान राखून होती. सत्ता गेली तरी पूजा, कारागिरी आणि माणसे तीच राहिली.

इ.स.पू. १३५० च्या आसपास क्नोसॉसचा प्रासादही जळाला आणि त्याची सत्ता संपली. पश्चिमेकडे किडोनिया, म्हणजे आजचे खानिया, आणखी काही पिढ्या भरभराटीत होते. तिथे तेराव्या शतकातल्या रेखालिपी ‘ब’ च्या पाट्या मिळाल्या आहेत. १२०० च्या सुमारास पूर्व भूमध्यसागरातली सारी व्यापारी घडी विस्कटली. मायसीनी आणि पायलॉससारखी मुख्य भूमीवरची केंद्रे कोसळली आणि क्रीटमध्ये लेखन बंद पडले. किनाऱ्यावरची माणसे डोंगरांत चढली. लासिथी पठाराच्या कडेला कार्फी या बोचऱ्या वाऱ्याच्या शिखरावर त्यांनी दाटीवाटीचे गाव वसवले आणि तिथे हात उंचावलेल्या मातीच्या देवी घडवल्या. त्यांच्या मुकुटांवर पक्षी आहेत.

पुढे डोरियन ग्रीक आले, नगरराज्ये उभी राहिली. ‘ओडिसी’त क्रीटच्या नव्वद नगरांचा आणि तिथल्या अनेक भाषांचा उल्लेख आहे. त्यांत ‘खरे क्रीटवासी’ म्हणून एक गट वेगळा सांगितला आहे. पूर्वेकडच्या प्रेसोस आणि ड्रेरोस इथे ग्रीक अक्षरांत पण ग्रीक नसलेल्या भाषेत कोरलेले शिलालेख सापडले आहेत. त्यांतले अलीकडचे इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत येतात, म्हणजे प्रासाद जळाल्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळ बेटाच्या त्या कोपऱ्यात एक जुनी भाषा बोलली जात होती. रेखालिपी ‘अ’ मधली भाषा तीच होती का, हे ठरवण्याइतका मजकूर दोन्हींकडे नाही. प्रेसोस नगराचा शेजारच्या हिएरापिट्नाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात विध्वंस केला. त्यानंतरचा या भाषेतला एकही लेख मिळालेला नाही.